तिवोलीची बाग आणि कामगाराची फुरसत

डेन्मार्कच्या राजाकडे एका तरुणाने अर्ज केला होता. तरुणाचे नाव गेओर्ग कार्स्टेन्सन. वय तिशीच्या आसपास. धंदा नियतकालिके चालविण्याचा. कोपनहेगन शहराच्या वेशीबाहेर लोकांच्या करमणुकीसाठी एक मोठी बाग काढावी, असे त्याच्या मनात होते आणि त्यासाठी त्याला सरकारी जागा हवी होती. गादीवर आठवा ख्रिस्तियान होता. त्याच्या सत्तेवर अंकुश ठेवील अशी राज्यघटना त्या देशात नव्हती. परंतु ती असावी, असे बोलणारे लोक मात्र दिवसेंदिवस वाढत होते. अशा वेळी या तरुणाने राजाला सांगितले म्हणतात की, लोक करमणुकीत रमले म्हणजे ते राजकारणाचा विचार करीत नाहीत. राजाला हे पटले. त्याने पाच वर्षांची सनद दिली आणि १५ ऑगस्ट १८४३ रोजी ती बाग लोकांना खुली झाली. ही तारीख आपल्याला निराळ्या कारणाने पाठ आहे. कोपनहेगनच्या माणसाला ती तिवोलीचा वाढदिवस म्हणून पाठ असते.

कार्स्टेन्सनचे ते वाक्य आम्ही प्रथम वाचले तेव्हा आम्हांला त्याचे नवल वाटले नाही. कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाला हे वाक्य परिचयाचे असते. मालक ते मोठ्याने बोलत नाहीत, पण त्यावर अंमल करतात. आणि आमच्यासारखे कार्यकर्ते ते उलट बाजूने बोलतात. जत्रा, तमाशा, सिनेमा, क्रिकेट यांनी कामगारांचे डोके बिघडविले, नाहीतर आमच्या सभेला मैदान पुरले नसते, असे आम्ही कितीदा तरी म्हटले आहे. म्हणजे राजा आणि कार्यकर्ता यांचे एका गोष्टीवर एकमत होते: हसणारा माणूस विचार करीत नाही. एकाला त्याचा आनंद होता, दुसऱ्याला दुःख, एवढाच काय तो फरक. हे एकमत खरे आहे काय? एका बागेच्या इतिहासावरून त्याची पारख करता येईल असे आम्हांला वाटते. कारण तिवोलीला आता एकशेऐंशीहून अधिक वर्षे झाली आणि या अवधीत त्या वाक्याची परीक्षा एकदा नव्हे, तर अनेकदा झाली.

आधी जागा पाहू. १८४० च्या सुमारास कोपनहेगन हे तटबंदीत कोंडलेले गाव होते. सव्वा लाखाच्या आसपास माणसे तट आणि खंदक यांच्या आत राहात. तटाबाहेर मोकळी जमीन होती. पण शत्रू आला तर तोफांपुढे आडोसा राहू नये म्हणून तिथे पक्के घर बांधण्यास बंदी होती. गाव वाढत होते, भिंत वाढत नव्हती. मग माणसे वरवर चढली, तळघरांत उतरली, परसांत भर घालून राहू लागली. याचा हिशेब १८५३ साली चुकता झाला. त्या उन्हाळ्यात पटकी आली आणि काही महिन्यांत सुमारे पावणेपाच हजार माणसे घेऊन गेली. मुंबईच्या चाळींचा आणि १८९६ च्या प्लेगचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना कोंडलेल्या वस्तीचा हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. अशा गावातल्या माणसाला झाड, पाणी आणि वारा यांचे काय मोल वाटत असेल!

श्रीमंतांची सोय होती. त्यांच्या गाड्या होत्या, गावाबाहेर उन्हाळ्याची घरे होती. गावाच्या उत्तरेला काही कोसांवर, राजाच्या हरणांच्या रानालगत, ‘बाकेन’ नावाचे जत्रेचे ठिकाण सोळाव्या शतकापासून चालत आलेले होते. पण तिथे जायचे म्हणजे दिवस मोडावा लागे. दिवसभर राबून संध्याकाळी मोकळा होणारा जो कारागीर, त्याला पायी जाता येईल असे काही नव्हते. कार्स्टेन्सनने नेमके हे हेरले. पश्चिमेच्या वेशीला लागून, तटाबाहेर, सुमारे पंधरा एकर जागा त्याने मिळविली. लष्कराच्या नियमामुळे पक्के बांधकाम करता येईना, म्हणून आरंभीच्या इमारती लाकडाच्या झाल्या. खंदकाचा एक तुकडा आत आला. आज बागेत जे तळे दिसते ते त्या खंदकाचेच उरलेले पाणी. युद्धासाठी खणलेला खड्डा दिव्यांचे प्रतिबिंब पाहण्याच्या कामी आला, हे आम्हांला फार मोलाचे वाटते.

कार्स्टेन्सन मूळचा हरहुन्नरी गृहस्थ. त्याचा जन्म १८१२ साली अल्जीअर्स येथे झाला. बाप तिथे डेन्मार्कचा वकील होता. त्याने परदेशांतल्या करमणुकीच्या बागा पाहिल्या होत्या. पॅरिसची ‘तिवोली’ आणि लंडनची ‘व्हॉक्सहॉल’ या दोन्हींची नावे एकत्र करून त्याने आपल्या बागेचे पाळण्यातले नाव ठेवले. पुढे व्हॉक्सहॉल गळाले आणि तिवोली राहिले. पहिल्याच दिवशी ३,६१५ माणसे आली. आत पौर्वात्य थाटाचा बाजार होता, वाद्यवृंद होता, नाटकशाळा होती, गोल फिरणारे लाकडी घोडे होते आणि उतारावरून घसरत नेणारी एक साधी गाडीही होती. काळोख पडला म्हणजे झाडांतून रंगीत दिवे लागत. वाद्यवृंदाचा प्रमुख हान्स ख्रिश्चन लुम्ब्यू. त्याने १८७२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षे, तिथे संगीत वाजविले. परीकथाकार हान्स अँडरसन त्याच शरद ऋतूत तिथे गेला आणि तिथल्या चिनी थाटाच्या देखाव्याने त्याला नाइटिंगेल पक्ष्याची चिनी गोष्ट सुचली. ‘तिवोली कधीच पुरी होणार नाही,’ अशा अर्थाचे उद्गार कार्स्टेन्सनने काढल्याचे सांगतात. ते आजपर्यंत खरे ठरले आहेत.

आता यात विशेष ते काय, असे कोणी विचारील. दिवे, वाद्ये आणि लाकडी घोडे आमच्या जत्रांतही असतात. विशेष हे की, त्या काळच्या कोपनहेगनात सर्व थरांची माणसे एका ठिकाणी, एका वेळी, एका कारणासाठी जमतील अशी जागा फार थोडी होती. चर्चमध्ये बसण्याच्या जागाही प्रतिष्ठेप्रमाणे ठरत. राजाच्या नाटकगृहात वरचे सज्जे कोणाचे आणि खालची बाके कोणाची, हे ठरलेले होते. तिवोलीत मात्र फाटकावर तिकीट घेऊन आत गेले की, व्यापाऱ्याच्या शेजारी त्याचाच नोकर उभा राहून तेच वाद्य ऐकू शके. यामुळे व्यापारी आणि नोकर सारखे झाले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी नोकराला पुन्हा बूट पुसायचेच होते. पण ज्याला आपण ‘लोक’ म्हणतो, ते काही जन्मतः लोक नसतात. ते एकमेकांना पाहून लोक होतात. आपल्यासारखे आणखी हजारो आहेत, हे डोळ्यांनी पाहावे लागते.

कार्स्टेन्सनच्या वाक्याची पहिली परीक्षा पाच वर्षांतच झाली आणि तीही मोठ्या गमतीने झाली. तिवोली ही उन्हाळ्याची बाग. कोपनहेगनचा हिवाळा लांबलचक, काळोखी आणि कडक थंडीचा. तेव्हा हिवाळ्यासाठीही लोकांना एक करमणुकीचे छप्पर हवे, अशी कल्पना कार्स्टेन्सननेच काढली, आणि त्यातून ‘कॅसिनो’ नावाची मोठी इमारत उभी राहिली. ती १८४७ साली खुली झाली. तोवर कार्स्टेन्सन स्वतः त्या उद्योगातून बाहेर पडला होता. पण कल्पना त्याची. आता झाले असे की, गावात इतकी माणसे मावतील असे दुसरे सभागृह नव्हते. जानेवारी १८४८ मध्ये आठवा ख्रिस्तियान वारला. फेब्रुवारीत पॅरिसमध्ये क्रांती झाली. मार्च महिन्यात कोपनहेगनच्या उदारमतवादी पुढाऱ्यांना राज्यघटनेची मागणी करण्यासाठी सभा भरवायची होती. ती त्यांनी कुठे भरविली? कॅसिनोमध्ये! २० मार्च १८४८ च्या रात्री त्या करमणुकीच्या दिवाणखान्यात माणसे खेटून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी सुमारे पंधरा हजारांचा जमाव राजवाड्याकडे निघाला. नव्या राजाने, सातव्या फ्रेडरिकने, जुने मंत्री आधीच काढून टाकले होते. निरंकुश राजसत्ता रक्ताचा थेंब न सांडता गेली आणि ५ जून १८४९ रोजी डेन्मार्कला राज्यघटना मिळाली.

लोकांनी राजकारण विसरावे म्हणून ज्याने बाग मागितली, त्याच्याच कल्पनेतून निघालेल्या दालनात लोकांनी राजाची सत्ता खाली उतरविली. इतिहास क्वचितच इतका खोडकर असतो.

परंतु एवढ्यावर टाळ्या वाजवून आम्ही थांबणार नाही. कारण त्या पंधरा हजारांत कोण होते आणि घटनेने कोणाला काय दिले, हे विचारणे आमचा धर्म आहे. १८४९ च्या घटनेने मत दिले ते तीस वर्षांवरील, स्वतःचे घर चालविणाऱ्या पुरुषांना. दुसऱ्याच्या घरी राहून चाकरी करणारा गडी त्यात नव्हता. गरिबांसाठी असलेली सरकारी मदत घेऊन ती न फेडलेला माणूस त्यात नव्हता. स्त्री तर नव्हतीच; तिला संसदेच्या निवडणुकीत मत मिळण्यास १९१५ साल उजाडावे लागले. तिवोलीच्या फाटकातून जो नोकर आणि जी मोलकरीण आत जाऊ शकत होती, त्यांना मतपेटीचे फाटक बंद होते. एकत्र हसण्याची परवानगी मिळाली. एकत्र ठरविण्याची मिळाली नाही.

हा फरक सर्वांत उघडा पडला तो १८७२ साली. कोपनहेगनच्या गवंड्यांनी कामाचा दिवस अकरा तासांवरून दहा तासांवर आणावा म्हणून संप केला होता. लुई पिओ नावाच्या तरुणाने, जो पूर्वी टपालखात्यात नोकर होता, संपकऱ्यांच्या पाठिंब्यासाठी ५ मे रोजी गावाबाहेरच्या ‘फेलेड’ मैदानावर जाहीर सभा बोलाविली. सरकारने सभेला बंदी घातली. आदल्या रात्रीच पिओ आणि त्याचे सहकारी यांना उचलून तुरुंगात टाकले. तरीही हजारो माणसे मैदानावर आली, आणि त्यांच्यावर घोडदळ घातले गेले. बायामाणसे घोड्यांच्या टापांपुढून पळाली. डॅनिश कामगार हा दिवस ‘फेलेडची लढाई’ म्हणून आठवतात.

आता हे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावे. एकच गाव. एकीकडे तिवोलीत हजारो माणसे जमतात, तिथे सरकारला धास्ती वाटत नाही. दुसरीकडे मैदानावर हजारो माणसे जमतात, तिथे घोडे येतात. जमाव तोच असू शकतो; माणसेही तीच असू शकतात. फरक मागणीचा होता. आणि मागणी तरी काय होती? दिवसातला एक तास! तो एक तास मिळाला असता तर गवंड्याने काय केले असते? मुलाला घेऊन तो संध्याकाळी कुठेतरी गेला असता. कदाचित तिवोलीतच गेला असता. ज्या राज्याला लोकांनी करमणुकीत रमावे असे वाटत होते, त्याच राज्याला लोकांना रमण्यापुरता वेळ मिळावा हे मात्र सहन होत नव्हते. या विसंगतीतच आमच्या विषयाचा गाभा आहे. बाग राजाच्या सनदेने मिळू शकते. बागेत जाण्याची फुरसत सनदेने मिळत नाही. ती संघटनेने मिळवावी लागते.

डॅनिश कामगारांनी ती कशी मिळविली, याचा इतिहास लांब आहे. १८९९ साली तिथल्या मालकांनी टाळेबंदी पुकारली आणि सुमारे चाळीस हजार कामगार तीन महिन्यांहून अधिक काळ कामाबाहेर राहिले. त्या वर्षीच्या सप्टेंबरात झालेल्या करारात मालकाचा कारखाना चालविण्याचा अधिकार मान्य झाला आणि त्याचबरोबर कामगारांचा संघटित होण्याचा व एकत्र करार करण्याचा अधिकारही मान्य झाला. १९१९ साली आठ तासांच्या दिवसाचा करार झाला. १९३८ साली पगारी सुटीचा कायदा झाला आणि वर्षाला दोन आठवडे प्रत्येक कामगाराच्या हक्काचे झाले. आठ तास काम, आठ तास झोप आणि आठ तास आपले, ही घोषणा आपणही पहिल्या मे रोजी देत आलो आहोत. त्यातल्या तिसऱ्या आठ तासांविषयी आपण फार कमी बोलतो. काम आणि झोप ही तर बैलालाही असतात. माणूस माणूस असतो तो त्या तिसऱ्या आठ तासांत.

आपल्याकडेही ही लढाई झाली आहे, आणि ती लढणारा पुढारी महाराष्ट्राचा होता. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची ठराविक सुटी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून अर्ज, सभा आणि संघटना यांच्या मार्गाने ती मागितली. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तिच्यात स्त्री-कामगारही बोलल्या. शेवटी १० जून १८९० रोजी मालकसंघाने रविवारची सुटी मान्य केली. आज रविवारी सकाळी उशिरा उठून जो माणूस मुलांना घेऊन बागेत जातो, त्याला हे नाव ठाऊक नसते. त्यात त्याचा दोष नाही. हवेसारखी झालेली गोष्ट कोणी मिळवून दिली, हे कोण विचारतो? पण हवेसारख्या गोष्टी गुपचूप काढून घेता येतात, म्हणून ते नाव मधून मधून घ्यावे लागते.

पुन्हा तिवोलीकडे वळू. १८५० नंतर तटबंदीचे निर्बंध सुटले, वेशी पाडल्या गेल्या, गाव बागेभोवती वाढत गेले आणि गावाबाहेरची बाग गावाच्या मध्यावर आली. १८७४ साली मूकनाट्याची नवी रंगभूमी बांधली गेली. तिचा पडदा म्हणजे मोराचा पिसारा. प्रयोग संपला की तो पिसारा उलगडून रंगमंच झाकतो. प्रेक्षक उघड्यावर उभे राहून पाहतात आणि पांढऱ्या तोंडाचा पिएरो शब्दावाचून पोरांना हसवितो. १९१४ साली डोंगराच्या सोंगाची लाकडी घसरगाडी आली. ती आजही चालते आणि तिच्या प्रत्येक गाडीबरोबर एक माणूस बसतो. त्याचे काम ब्रेक दाबण्याचे. उतारावर गाडी किती सोडावी आणि कुठे आवरावी, हे यंत्र ठरवीत नाही. तो माणूस ठरवितो.

या ब्रेकवाल्याचा विचार आम्ही पुष्कळदा केला आहे. लोक किंचाळतात, हसतात, एकमेकांना बिलगतात; आणि त्यांच्या मध्ये एक माणूस शांतपणे आपली पाळी भरीत असतो. दुसऱ्याची सुटी हा त्याचा कामाचा दिवस. करमणुकीच्या बागेचा इतिहास लिहिणारे राजे, मालक आणि वास्तुकार यांची नावे देतात. दिवे लावणारा, रुळांना तेल घालणारा, रात्री बाग रिकामी झाल्यावर झाडू मारणारा यांची नावे कुठेच नसतात. बाग कोणाची, या प्रश्नाच्या उत्तरात त्यांनाही धरले पाहिजे.

आता शेवटची आणि सर्वांत कठीण परीक्षा. ९ एप्रिल १९४० रोजी जर्मन फौजांनी डेन्मार्क व्यापले. रात्री विमानांना दिवे दिसू नयेत म्हणून गावभर काळोख करण्याचा हुकूम होता. दिव्यांची बाग काळोखात कशी चालावी? पॉल हेनिंगसेन नावाच्या वास्तुकाराने १९४१ साली तिवोलीसाठी असा एक दिवा तयार केला की, त्याचा उजेड वरून दिसू नये, पण खाली चालणाऱ्याला वाट दिसावी. त्या उजेडावर तिवोली मध्यरात्रीपर्यंत उघडी राहू लागली. व्यापलेल्या देशातली माणसे तिथे जमत, वाद्ये ऐकत आणि घरी जात. हे विस्मरण होते की जिवंत राहणे होते? बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात.

जर्मनांच्या हस्तकांना मात्र त्याचे उत्तर ठाऊक असावे. जून १९४४ मध्ये डॅनिश प्रतिकारकांनी जर्मनांसाठी शस्त्रे बनविणारा एक कारखाना उडविला. त्याचा सूड म्हणून २४ आणि २५ जूनच्या मधल्या रात्री तिवोलीत स्फोट घडविले गेले. संगीतगृह, काचेचे दालन आणि इतर इमारती जळाल्या. लुम्ब्यूच्या संगीताची पुष्कळ हस्तलिखिते त्यात गेली. शस्त्रांच्या कारखान्याचा सूड लाकडी बागेवर का घ्यावा? कारण लोकांचे काळीज कुठे आहे हे त्यांनी ओळखले होते. करमणूक लोकांना गुंगविते एवढेच खरे असते, तर जुलमी सत्तेने तिवोलीत जास्त दिवे लावले असते. तिने तिथे सुरुंग लावले.

२५ जूनलाच शहरात संचारबंदी पुकारली गेली: रात्री आठपासून पहाटे पाचपर्यंत कोणी घराबाहेर दिसता कामा नये. उत्तरेकडे जून महिन्यात दहा वाजेपर्यंत उजेड असतो. ही संचारबंदी म्हणजे उन्हाळ्याची संध्याकाळच जप्त केल्यासारखी होती. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, बुर्माइस्टर अँड वाइन या मोठ्या गोदीतल्या कामगारांनी दुपारीच हत्यारे खाली ठेवली. त्यांनी जर्मन अधिकाऱ्यांना काय कळविले, ते ऐकण्यासारखे आहे. आम्ही संप करीत नाही, ते म्हणाले. पण गावाबाहेर आमच्या भाजीपाल्याच्या छोट्या बागा आहेत, संध्याकाळी आठनंतर आम्हांला तिथे थांबता येत नाही, म्हणून त्या बागांचे काम करायला आम्ही लवकर घरी जात आहोत. कोपनहेगनच्या कामगारांकडे असे जमिनीचे लहान तुकडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून होते: एक झोपडी, चार वाफे बटाटे, थोडी फुले. त्या वाफ्यांसाठी गोदी थांबली.

मग सगळे शहर थांबले. रस्त्यांवर शेकोट्या पेटल्या. जर्मनांनी दोन दिवसांत संचारबंदी आठवरून अकरावर नेली. म्हणजे संध्याकाळ परत दिली. पण लोक आता तेवढ्यावर थांबेनात. ३० जूनला सार्वत्रिक संप झाला. जर्मनांनी पाणी, गॅस आणि वीज तोडली, शहराला फौजेचा वेढा दिला आणि रस्त्यांवर गोळ्या झाडल्या. सुमारे शंभर माणसे मेली, कित्येकशे जखमी झाली. लोक तळ्यांतून पाणी भरीत आणि अंगणांत चुली पेटवीत. कामावर मात्र कोणी गेले नाही. जर्मनांना माघार घ्यावी लागली. पाणी आणि वीज परत आली, ज्या डॅनिश फितुरांच्या दलाने लोकांना छळले होते ते रस्त्यांवरून हटविले गेले, आणि मगच जुलैच्या पहिल्या आठवड्यात कामे सुरू झाली. तिवोलीही काही आठवड्यांत, जळक्या भिंतींसह, पुन्हा उघडली. नवे संगीतगृह उभे राहण्यास १९५६ साल लागले.

तिवोली जळली म्हणून हा संप झाला, असे आम्ही म्हणत नाही. तो संप दडपशाहीविरुद्ध होता आणि त्याची कारणे अनेक होती. पण त्याचा पहिला शब्द ‘बाग’ होता, हे विसरता येत नाही. जिला राजाने राजकारणाबाहेरची गोष्ट मानले होते, ती संध्याकाळची फुरसतच राजकारणाच्या मध्यभागी येऊन उभी राहिली. ज्याच्याकडे स्वतःची संध्याकाळ होती, त्यालाच ती गेल्याचे कळले.

येथे आमची एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात पगारवाढीचा करार अडला होता. ऐन वेळी व्यवस्थापनाने सर्व कामगारांची, कुटुंबासह, एका करमणुकीच्या बागेत सहल ठरविली. आम्ही फाटकावर सभा घेऊन सांगितले की, हे तुम्हांला भुलविण्यासाठी आहे, कोणी जाऊ नका. बहुतेक सगळे गेले. आम्हीही शेवटी गेलो, रागानेच. तिथे पाण्याच्या घसरगुंडीपाशी पोरांना सांभाळीत बसलेल्या बायका बोलत होत्या. एकीचा नवरा कायम, दुसरीचा कंत्राटी. दोघेही एकाच खात्यात, एकाच यंत्रावर, पाळी मात्र निराळी. दोघींनी पगाराचे आकडे एकमेकींना सांगितले आणि दोघीही गप्प झाल्या. जे आम्ही दोन वर्षे पत्रके वाटून सांगत होतो, ते त्यांना पंधरा मिनिटांत समजले. पुढच्या सभेला कंत्राटी कामगार पहिल्यांदा आले आणि मागणीपत्रकात त्यांचे कलम गेले. परत येताना बसमध्ये एक जुना फिटर आम्हांला म्हणाला, “भाऊ, माणसं हसायला गेली म्हणजे खुळी होत नाहीत. तुम्ही उगीच धसका घेतलात.” त्याच्या या बोलण्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. ते अजूनही नाही.

मात्र याचा अर्थ कोणतीही करमणूक लोकांना जागे करते, असा नव्हे. माणसे एकमेकांना दिसली पाहिजेत, बोलली पाहिजेत. नुसते एका दिशेला तोंड करून बसविलेले हजार प्रेक्षक म्हणजे हजार एकटी माणसे. आणि बाग गरिबाच्या आवाक्यात राहिली पाहिजे. तिवोलीतही आज फाटकाचे तिकीट वेगळे आणि आतल्या खेळांचे वेगळे. वर्षाकाठी लाखो लोक येतात, त्यांत परदेशी प्रवासी पुष्कळ. लोकांची बाग हळूहळू पाहुण्यांची होते की काय, हा प्रश्न तिथल्या लोकांनाही पडत असेल. आपल्या शहरांत तर प्रश्न याहून सरळ आहे. जत्रेची मैदाने कुंपणात गेली, गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उठले आणि करमणुकीच्या बागा हमरस्त्यालगत अशा अंतरावर निघाल्या की, तिथे जाण्याचे तिकीट म्हणजे मजुराची कित्येक दिवसांची कमाई. त्यातच कामाचे तास पुन्हा वाढविण्याचे बोलणे कानांवर येते.

अशा वेळी आमच्यासारख्यांनी काय मागावे? पगार मागावा, हे आहेच. पण त्याबरोबर गावाच्या मध्यावर एक मोकळी जागा मागावी, जिथे पायी जाता येईल. आणि तिथे जाण्यापुरती संध्याकाळ मागावी. ही मागणी किरकोळ आहे असे कोणी म्हणाले, तर त्याला १९४४ च्या त्या सोमवारी बटाट्याच्या वाफ्यांसाठी गोदी सोडून निघालेल्या कामगारांची गोष्ट सांगावी.